पाच कळ्या आणि अक्का

कळ्या पाच होत्या. हे सुरुवातीलाच लिहून ठेवते, कारण पुढे त्यांच्या संख्येवरून आमच्या अपार्टमेंटमध्ये निरनिराळी मतं झाली आणि त्यांतलं माझं कुणीच धरलं नाही. सोमवारी सकाळी चष्मा लावून, गॅलरीच्या कठड्याला टेकून मी त्या दोनदा मोजल्या. पाच. बोटभर लांब, लालसर देठाच्या, माना खाली घातलेल्या.

राजारामपुरीत आमचं घर पहिल्या मजल्यावर आहे. गॅलरीसमोर सोसायटीचा आंबा, आणि त्याच्या एका आडव्या फांदीच्या बेचक्यात आमचं ब्रह्मकमळ. बावीस वर्षांपूर्वी आमच्या ह्यांनी, म्हणजे तात्यासाहेबांनी, तिथे कुंडी अडकवली होती. पुढे कुंडी फुटली, माती पावसानं धुऊन नेली, आणि झाड मात्र फांदीला धरून तसंच राहिलं. तिसऱ्या मजल्यावर सयाजी सर राहतात, ते कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. ते म्हणाले, वहिनी, त्याची मूळची रीतच ती. दूर मेक्सिकोकडच्या जंगलात ते असंच मोठ्या झाडांवर राहतं. झाडाकडून फक्त जागा घेतं. जेवणखाण त्याचं त्याचं, सालीच्या खाचेतल्या कुजक्या पाचोळ्यावर आणि पावसावर. सरांनी हेही सांगितलं की हे खरं ब्रह्मकमळ नव्हेच, ते हिमालयात. हे निवडुंगाच्या जातीतलं. आणि ज्यांना आपण पानं म्हणतो ती पानं नसून चपटं झालेलं खोड आहे. कळी त्या खोडाच्या कडेच्या खाचेतून येते. त्याच्या शास्त्रीय नावाचा अर्थ म्हणे 'पानावरचं' असा होतो, म्हणजे नाव ठेवणारेसुद्धा फसले होते. शास्त्रज्ञ फसले तर त्याचं नाव होतं आणि आपण फसलो तर आपलं हसं होतं, असं मला त्या वेळी वाटून गेलं. पण ते असो.

हे फूल मला दाखवायचं होतं अक्काला. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, कागलची. वय एक्याऐंशी. तिचं कागलचं घर विकलं होतं आणि येत्या रविवारी तिचा मुलगा वृषभ तिला कायमचं बेंगळुरूला घेऊन जाणार होता. ह्या वयात कायमचं म्हणजे कायमचंच.

अक्काच्या घरामागच्या परड्यात चाळीस वर्षं ब्रह्मकमळ होतं. माझ्याकडचं झाड तिथल्याच पानाचं, म्हणजे सरांच्या म्हणण्याप्रमाणे खोडाचं. चाळीस वर्षांत त्याला शेकड्यानं फुलं आली असतील. अक्कानं त्यातलं एकही उघडलेलं पाहिलं नव्हतं. कारण आमच्या जैनांच्या घरी दिवस मावळण्याआधी जेवण होतं, आणि अक्का त्याच्यापुढे जाऊन आठ वाजता झोपते. लग्न असो, मयत असो, आठ वाजता अक्का आडवी. हे फूल नऊनंतर उघडायला लागतं, अकरा-बाराला पूर्ण फुलतं आणि पहाटे मान टाकतं. अक्का पाच वाजता उठून परड्यात जायची तेव्हा तिला लोंबकळणारं, मलूल, गुलाबीसर काहीतरी दिसायचं. तिची पक्की खात्री होती की ब्रह्मकमळ म्हणतात ते हेच. ताटाएवढं उघडतं, पांढरंशुभ्र असतं, घरभर वास सुटतो, ह्या सगळ्या लोकांनी उठवलेल्या गोष्टी, आणि त्या लोकांत पहिली मी.

लहानपणापासून मी अक्काच्या हिशेबी थापाडी. मी सात वर्षांची असताना शाळेच्या भिंतीवर पांढरा कावळा पाहिला आणि धावत घरी येऊन सांगितलं. अक्का बारा वर्षांची होती. तिनं मला हाताला धरून शाळेत नेलं, भिंत दाखवली, भिंतीवर काही नव्हतं, आणि सगळ्या मुलींसमोर माझ्या गालफडात दिली. तेव्हापासून मी काही सांगितलं की घरातले सगळे आधी अक्काच्या तोंडाकडे बघत. ती मान हलवायची. मग मला 'बरं' म्हणत. त्या 'बरं'वर मी एकोणसत्तर वर्षं काढली आहेत. माझं लग्न झालं, मुलं झाली, नातवंडं झाली, मी महिला मंडळाची सेक्रेटरी झाले, पण अक्कासमोर मी अजून भिंतीखालीच उभी आहे. ती बेंगळुरूला जाण्याआधी एकदा, एकच गोष्ट, तिनं तिच्या डोळ्यांनी बघावी एवढंच मला हवं होतं.

मी फोन केला. अक्का म्हणाली, "त्रिशे, तुझं वय काय झालं?"

"शहात्तर."

"अजून थापा सुटल्या न्हाईत." पण मग म्हणाली, शुक्रवारी वृषभला बेंगळुरूची कागदपत्रं करायची आहेत, तो सोडेल मला. एक रात्र राहते. फूल फुललं तर फुललं, आठला मी झोपणार.

तर शुक्रवार ठरला. कळ्या बघून माझाही अंदाज शुक्रवारचाच होता. सयाजी सरांनी वहीत आकडेमोड करून शनिवार काढला. मी बावीस वर्षं कळ्या बघते आहे, पण माझ्याकडे वही नव्हती.

मंगळवारी सकाळी कळ्या चार झाल्या. मी गॅलरीचा कोपरान् कोपरा शोधला, खाली अंगण शोधलं. पडलेली कळी कुठेच नव्हती. खार नेईल का, वटवाघूळ नेईल का, ह्यावर मी दुपारपर्यंत तात्यासाहेबांशी चर्चा केली. त्यांनी चर्चेत मनापासून भाग घेतला. संध्याकाळी त्यांचा सदरा धुवायला काढला तर खिशात कळी. तेव्हा कबूल झाले. तात्यासाहेब साखर कारखान्यात छत्तीस वर्षं केमिस्ट होते, निवृत्तीनंतर त्यांचं सगळं शास्त्र भाजी निवडण्यात गेलं. मंडईत ते प्रत्येक भेंडीचा शेंडा मोडून बघतात. कळी कितपत भरली आहे ते त्यांनी दोन बोटांत धरून दाबून पाहिलं होतं. "जरासंच दाबलं," ते म्हणाले. मी त्यांना गॅलरीबंदी केली. संसारात पहिल्यांदाच त्यांनी माझं एक फर्मान तक्रार न करता पाळलं, त्यावरून अपराधाची कल्पना यावी.

त्याच रात्रीपासून मी गॅलरीत पहारा द्यायला बसले. झोपेत कुणी कळी तोडून नेणार नव्हतं, मला माहीत होतं. पण डोळे मिटले की फूल फुलायच्या आतच गळून पडलेलं दिसायचं.

बुधवारी चिमणाबाईंनी ताक घातलं. चिमणाबाई आमच्या समोरच्या दारात राहतात, आणि त्यांचा जीव फार चांगला आहे, ही त्यांच्याबद्दलची सगळ्यांत मोठी अडचण. कढीपत्त्याला ताक घातलं की तो तरारतो, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं. मी आंघोळीला गेले तेवढ्यात त्यांनी आमच्या गॅलरीतून फांदीच्या बेचक्यात तांब्याभर ताक ओतलं. ओतून झाल्यावर मला म्हणाल्या, "वैनी, कालचा मठ्ठा हुता, वाया कशाला घालवायचा?" मठ्ठ्यात मीठ असतं, आलं असतं, मिरची असते. मी नऊ बादल्या पाणी ओतून मुळं धुतली. दुसऱ्या दिवशी पहाटे एक कळी पिवळी पडून गळाली. चिमणाबाईंना मी काही बोलले नाही. त्यांनी मात्र मला सांगितलं की आणखी घातलं असतं तर ही राहिली असती.

तीन राहिल्या. आणि गुरुवारी सकाळी सात वाजता खाली शिडी लावल्याचा आवाज आला.

आता हे सांगायला हवं. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी धैर्यशील ह्यांची गाडी त्या फांदीखाली उभी असते. तिच्यावर आंब्याचा चीक पडतो आणि पाखरं आपापलं काम करतात. मागच्या बैठकीत त्यांनी असा ठराव मांडला होता की फांदीवर बांडगूळ वाढलं आहे, ते झाडाचा रस शोषतं, फांदी पोकळ होऊन पावसात कुणाच्या तरी डोक्यात पडणार, तरी ती तोडावी. बांडगूळ म्हणजे माझं ब्रह्मकमळ. बैठकीला मी नव्हते, कारण बैठक रात्री आठला होती आणि त्या दिवशी माझा उपवास होता. सयाजी सर होते, त्यांनी हे बांडगूळ नाही असं चाळीस मिनिटं सांगितलं. त्या चाळीस मिनिटांनी ठराव एकमतानं मंजूर झाला.

मी तारखेची चौकशी बुधवारीच केली होती. धैर्यशील मला नम्रपणे म्हणाले होते, "काकू, ठराव झालाय. थांबवायचा तर तुम्ही लेखी द्या. दोन मेंबरांच्या सह्या, आन् चेअरमनचा शिक्का." दोन सह्या मी तासात मिळवल्या. शिक्का कपाटात होता. कपाटाची किल्ली चेअरमन विजयसिंह ह्यांच्याकडे होती. विजयसिंह बिद्रीला मेहुण्याच्या घरभरणीला गेले होते आणि किल्ली त्यांच्याच खिशात होती. फोनवर त्यांनी मला तोंडी परवानगी दिली. धैर्यशीलना ती सांगितली तेव्हा ते हसले, आणि त्या हसण्यात मला ते 'बरं' ऐकू आलं.

तर गुरुवारी सकाळी शिडी. मी जिना उतरेपर्यंत तोडणाऱ्यानं ती फांदीला टेकवलीसुद्धा होती. टेकवताना फांदी हलली. टप्. आणि मग थोडं थांबून, टप्. दोन कळ्या माझ्या डोळ्यांसमोर गाडीच्या टपावर पडल्या.

एक राहिली.

मला भांडता येत नाही. मी घरात गेले, लाकडी खुर्ची आणली आणि फांदीच्या बरोबर खाली बसले. तात्यासाहेबांनी मागोमाग येऊन मला छत्री दिली आणि मग चहा. आंदोलनात चहा येतो की नाही मला माहीत नाही, मी पहिल्यांदाच करत होते. तोडणारा माणूस कोडोलीचा होता, चाळिशीचा, हातात करवत. "आज्जी, जरा सरकता का? फांदी डोक्यात पडंल."

"पडू दे."

"पडू दे काय? केस माझ्यावर हुईल की." तो शिडीवर बसला. मग त्यानं विचारलं की नक्की काय आहे वर. मी सांगितलं. बहीण रविवारी जाते, कळी एकच राहिली आहे, उद्या रात्री फुलेल. त्यानं वर बघितलं, कळी त्याला दिसली. करवत पिशवीत घातली. "फुलावर आल्यालं झाड मी तोडत न्हाय बा. आमची आई घरात घ्यायची न्हाय." धैर्यशील बनियनवर खाली आले होते. त्यांनी ठरावाची प्रत दाखवली. तो म्हणाला, मला वाचता येतंय, पण शनिवारी येतो.

धैर्यशील माझ्याशी कडकपणे पण रीतीनं बोलले. शनिवारी सकाळी आठपर्यंत थांबू, काकू. पण खरंच फुलणार असेल तर सगळ्या मेंबरांना दाखवा. त्यांना पटलं तर ठराव परत घेऊ. न्हाय पटलं तर फांदी जाणार.

इथे माझ्याकडून चूक झाली. ही चूक आमच्याशिवाय कुणाच्या घरात झाली नसती. बत्तीस माणसांना घरी बोलवायचं आणि खायला काही द्यायचं नाही, हे माझ्या हातून होणार नाही. आणि चातुर्मासात सूर्य मावळल्यावर आमच्या घरात चूल पेटत नाही, पाणीसुद्धा तोंडात जात नाही. म्हणून मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं: 'ब्रह्मकमळ पाहण्यासाठी सर्वांनी शुक्रवारी सायंकाळी सहा वाजता जेवायला यावे.' लिहिताना मला त्यात काही वावगं दिसलं नाही. फूल दहाला उघडतं आणि मी लोकांना सहाला बोलवते आहे, हे मला संदेश गेल्यावर तासाभरानं उमगलं. तोवर अठरा अंगठे आले होते.

शुक्रवारी पहाटे मी कळीकडे बघितलं आणि चष्मा पुसून पुन्हा बघितलं. इतके दिवस खाली लोंबणारी तिची मान वर वळली होती, गळाच्या टोकासारखी. असं झालं की त्याच रात्री फुलतं. बावीस वर्षांत कधी चुकलं नाही. मी सयाजी सरांना सांगायला गेले, तर त्यांचा लांबचा चष्मा दुरुस्तीला होता. त्यांनी वहीकडे बघितलं आणि शनिवार म्हणाले.

अक्का तीनला आली. वृषभनं तिला हात धरून वर आणलं. ती आल्या आल्या गॅलरीत गेली, कळी बघितली आणि "एवढ्यासाठी?" असं म्हणून आत येऊन बसली.

सहाला माणसं आली. खपली गव्हाची खीर, वरण-भात, मसालेभात, कांदा-लसूण नाही, बटाटा नाही. धैर्यशील रात्री दहाला जेवणारे. सहा वाजता पानावर बसताना त्यांच्या चेहऱ्यावर रजेवर असताना कामावर बोलावल्याचा भाव होता. पण खीर तीनदा घेतली. जेवून सगळे गॅलरीत जमले आणि कळीकडे बघत उभे राहिले. पाऊस थांबलेला होता. चिमणाबाई नारळ घेऊन आल्या होत्या आणि त्यांना तो फांदीवर फोडायचा होता. मी त्यांचा हात वरच्यावर धरला. तो हात धरलेला असतानाच मागून अक्काचा आवाज आला.

"हे आज फुलत न्हाय."

सगळे वळले. अक्का दारात उभी होती, पांढरं पातळ, हातात जपमाळ. "माझ्या परड्यात चाळीस वर्सं हाय हे झाड. मला म्हाईत न्हाय व्हय? असलंच असतंय. सकाळी लोंबतंय, झालं."

मी म्हटलं, अक्का, मान वर वळलीय बघ. कुणीही ऐकलं नाही. एक्याऐंशी वर्षांची बाई, चाळीस वर्षांचा अनुभव, आणि तो आवाज. बत्तीस माणसांना एका वाक्यात खात्री पटली. सर म्हणाले, अक्कांचं बरोबर आहे, माझ्याही हिशेबानं उद्याच. धैर्यशील चपला घालताना माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "काकू, जेवण झकास हुतं. मग सकाळी आठला माणूस येतोय." सव्वासातला गॅलरी रिकामी झाली. बहुतेकजण घरी जाऊन दहाला सवयीप्रमाणे पुन्हा जेवले आणि झोपले, हे मला नंतर कळलं.

आठला अक्का उठली. "मी झोपतो आता."

मी तिच्यासमोर खुर्ची ठेवली. नऊपर्यंत बस म्हटलं, फक्त नऊपर्यंत. रविवारी तू जाशील, पुन्हा कधी असं होईल? अक्का माझ्याकडे बघत राहिली आणि मग खुर्चीत बसली. पाच मिनिटांत तिची मान छातीवर. मी हलवली. पुन्हा मान. तात्यासाहेब आत नऊच्या आतच घोरायला लागले होते. मग मला एक उपाय सुचला. अक्काशी भांडण काढलं की तिची झोप उडते.

मी आईच्या पाटल्या काढल्या. पाटल्या तुझ्याकडे आल्या, मला दोन वाट्या आल्या. अक्का खडबडून जागी झाली. तिचं म्हणणं, पाटल्या तिला मिळाल्या त्या तिनंच सोळा वर्षं आईचं केलं म्हणून, आणि वाट्या चांदीच्या होत्या, हे मी सोयीनं विसरते. मग मी तिच्या लग्नातला रुसवा काढला, मग तिनं माझ्या लग्नात न घेतलेला आहेर. मग पांढरा कावळा. त्यावर तर अक्का खुर्चीत पुढे सरकून ताठ बसली. "असतोय का पांढरा कावळा? असतोय का सांग." मी म्हटलं, होता. ती म्हणाली, न्हवता. साडेनऊ वाजले असतील. तिचे डोळे चांगले टक्क उघडे होते. मला समाधान वाटलं. आता काही ती झोपत नाही, असं मनात म्हणून मी पाठ खुर्चीला टेकवली. तीन रात्री मी डोळ्याला डोळा लावला नव्हता. एक मिनिट, एवढंच.

जाग आली ती खाली दूधवाल्याच्या गाडीच्या आवाजानं. अंगावर अक्काची शाल होती. आकाश राखाडी झालं होतं. मी फांदीकडे बघितलं.

कळी नव्हती. तिच्या जागी ओल्या बोळ्यासारखं काहीतरी लोंबत होतं. मलूल, मिटलेलं. कागलच्या परड्यात पहाटे दिसायचं तेच. मला वाटलं, संपलं. अक्का झोपली असणार, पाच वाजता उठली असणार, आणि जन्मभर बघत आली तेच तिनं पुन्हा बघितलं. मी शेजारी बघायचं धाडस करत नव्हते.

अक्का खुर्चीतच होती. जागी. माळ मांडीवर, हात त्याच्यावर. डोळे लाल.

"फुललं का गं?" मी विचारलं.

अक्का फुलाकडे बघत बोलायला लागली. आधी बाहेरच्या लालसर काड्या मागं गेल्या. हळूहळू, पण डोळ्यांना दिसत हुतं. मग पांढरं. आत बारीक दोरे, लई, आन् मधी एक चांदणीसारखं. वास असा सुटला, की तुझ्या तात्यासाहेबांचं घोरणं थांबलं, मला वाटलं उठले. आन् एक पाखरू आलं, पाखरू न्हवं, मोठा किडा, पंख दिसंनात एवढे हलवत हुता, लांब सोंड आत घालून उभाच राहिला हवेत. बारापतोर ताटाएवढं झालं. मग दोनच्या पुढं मिटायला लागलं.

आयुष्यात अक्का माझ्याशी इतकं सलग कधी बोलली नव्हती, रागावल्याशिवाय.

"मला का नाही उठवलंस?"

"उठवलं की. दोनदा. 'आले आले' म्हणालीस आन् तोंड वळवलंस."

"मग तिसऱ्यांदा उठवायचं."

अक्कानं माळ उचलली, मणी सरकवला. "उठवणार हुतो. मग म्हटलं, हिनं बघितलेलंच हाय."

ती हे इतक्या सहज बोलली की मी त्याच्यापुढे निघूनही गेले. उठले, शालीची घडी घातली, चहाचं आधण ठेवायला आत गेले. साखर घालताना हात थांबला. मी तसाच डबा हातात धरून ओट्याला टेकून उभी राहिले. तात्यासाहेब उठून आले आणि म्हणाले काय झालं, कुठे दुखतंय का. मी नाही म्हटलं. आधण उकळून गेलं, ते त्यांनी बंद केलं.

आठला कोडोलीचा माणूस आला, शिडी घेऊन. धैर्यशील खाली उभे. मी जिन्याकडे निघाले तेवढ्यात अक्का गॅलरीत गेली आणि वरूनच म्हणाली, "ओ पावणं, रात्री फुललं ते. मी बघितलं. बांडगूळ न्हवं ते, फांदीला हात लावायचा न्हाय."

धैर्यशीलनी वर बघितलं. "तुम्ही स्वतः बघितलं, अक्का?"

"मग काय सांगतोय?"

"मग झालं की," धैर्यशील म्हणाले, आणि माणसाला हात करून शिडी काढायला सांगितलं. दोन सह्या, एक अर्ज, एक तोंडी परवानगी, खुर्ची, छत्री, खीर. एवढं करून जे झालं नव्हतं ते एवढ्यात झालं. चिमणाबाई धावत आल्या आणि आम्हाला का नाही उठवलं म्हणून माझ्यावरच रुसल्या. सयाजी सरांनी वहीत एक दिवस खोडला.

दहाला वृषभ आला. अक्का आत आपलं सामान भरत होती. मला राहवेना. मी त्याला गॅलरीत नेलं, ते लोंबणारं फूल दाखवलं आणि रात्रीचं सगळं सांगितलं. आई आठच्या पुढे जागी राहिली हे ऐकून तो हसला. मग मी तिचं ते वाक्य सांगितलं, जसंच्या तसं. हिनं बघितलेलंच हाय.

"आई असं म्हणाली?" वृषभ म्हणाला. "आमची आई? तुला?"

"माझ्यासमोर. त्या खुर्चीत बसून."

आत अक्का पिशवीची चेन लावत होती. तिला सगळं ऐकू जात होतं, ती वर बघत नव्हती. वृषभनं तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून हसून म्हणाला, "बरं मावशी."